कुंभाराच्या लेकीचा घोडा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात लाकडी घोड्यांच्या शर्यतीचं भारी वेड होतं. खेळणाऱ्याने लाकडी मूठ हातात धरायची, तिला बांधलेल्या दोऱ्या ओढायच्या, की समोरचा घोडा टणाटण उड्या मारत धावे. नियम एकच. आपल्या घोड्याच्या दोरीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

हे घोडे घडवणारा सुतार मोठा कसबी, पण स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. एका जत्रेत त्याला रिंगणाबाहेर कुंभाराची लेक दिसली. लहानपणीच्या तापाने तिचे हात आखडले होते, मूठ वळत नव्हती. बाकीच्या पोरी खेळत होत्या आणि ही त्यांच्या चपला राखत बसली होती.

"पुढच्या जत्रेत तू खेळशील!" सुतार म्हणाला. पोरीचे डोळे चमकले आणि सुताराची झोप उडाली.

त्याने जाड मूठ केली, ती तिच्या हातून निसटली. मनगटाला पट्टा केला, तो काचला. मग त्याने दोरीला लाकडी आकडा लावला आणि तिच्यासारखे व्हावेत म्हणून स्वतःचे हात फडक्याने बांधून तो ओढून पाहिला. घोडा सुसाट धावला! जेवण अर्धवट टाकून सुतार कुंभाराकडे पळाला. पण पोरीला आकडा हलवेना.

जत्रा तोंडावर आली. सुतार तासायचा, मोडायचा, येरझाऱ्या घालायचा, बायकोवर खेकसायचा. लाकूड संपलं तेव्हा बसायचा पाटही त्याने फोडला. बायको म्हणाली, "माझं लाटणं तेवढं ठेवा हो!"

पुन्हा नवा आकडा पाहून पोरगी रडकुंडीला आली. "काका, तुम्ही हात बांधून बघता. माझे हात बांधलेले नाहीत, ते असेच आहेत. आणि सारखे हातच काय बघता?"

सुतार खजील झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो नुसता खाली बसला. "मग तूच सांग बाई, कशानं खेळशील?"

"पायानं! बाबांची माती मीच तुडवते. मातीतला बारीक खडासुद्धा माझ्या बोटांना कळतो."

सुताराने पायाच्या बोटांत बसतील अशा कड्या केल्या. सैल, घट्ट, ती सांगेल तशा.

जत्रेत ती पाय पसरून रिंगणात बसली. कुणीतरी ओरडलं, "पायानं कुठं खेळतात?"

शर्यतीचे पंच असलेले पाटील म्हणाले, "दुसऱ्याचा हात लागलाय का? नाही ना? मग सोडा घोडे!"

तिचा घोडा धावला, उडाला आणि शेवटच्या वळणावर कोलमडला; शेजारच्या पोराचा घोडा जिंकला. लोक हळहळले, "अरेरे, बिचारी!"

पोरगी मात्र लालबुंद झाली. "बिचारी कोण? पुन्हा लावा घोडे! याला हरवल्याशिवाय मी उठत नाही."

आजवर ती कधी खेळलीच नव्हती, त्यामुळे तिला हरवायची संधीसुद्धा कुणाला मिळाली नव्हती. लोक हसले आणि घोडे पुन्हा लागले.

तेव्हापासून सुतार लाकडाला हात लावण्याआधी माणसाजवळ जाऊन बसू लागला. बसवत नसे त्याला, पण बसायचा.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं त्यालाच आधी विचारावं, न विचारता केलेली मदत करणाऱ्याच्याच मापाची निघते.