रेव्हनकोम्बची बॅरनकी

“म्हणजे तुम्हाला ती नको आहे, आणि सोडायचीही नाही?” जर्व्हस थॉर्नलीने विचारलं.

“सोडली की,” जोसाया म्हणाले. “आत्ताच म्हणालो ना, नको म्हणून.”

“नुसतं म्हणून चालत नाही. शपथ घ्यावी लागते.”

“ती मी घेत नाही.”

जर्व्हसने कपाळाला हात लावला.

वाद होता रेव्हनकोम्बच्या बॅरनकीचा, म्हणजे एका सरदारी किताबाचा. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका राजाला युद्धासाठी पैसा हवा होता. त्याने पत्र धाडून एका जमीनदाराला पार्लमेंटात सल्ल्याला बोलावलं. तो जाऊन बसला, आणि तेवढ्या बसण्याने त्याचं घराणं बॅरन झालं.

पुढे एका बॅरनला मुलगा झाला नाही, दोन मुली झाल्या. जमीन दोघींत निम्मी निम्मी वाटली गेली. किताब मात्र तोडता येईना. बहिणींमध्ये थोरली-धाकटी कायदा मानत नव्हता. म्हणजे किताब दोघींचा, म्हणून एकीचाही नाही. एकच शाखा उरेपर्यंत, किंवा राजा कुणा एकाला देईपर्यंत तो झोपून राहणार. असल्या झोपलेल्या किताबांवर लंडनच्या वकिलांनी बंगले बांधले.

एका बहिणीच्या वंशातला जर्व्हस, दुसरीच्या वंशातले जोसाया. जर्व्हसचा बाप अर्ज करता करता मेला. आता राजाचं मन वळलं होतं. जोसायांनी शपथेवर हक्क सोडला की काम फत्ते.

पण जोसाया क्वेकर होते, त्या ख्रिस्ती पंथातले वडीलधारे. हे लोक शपथ घेत नाहीत. एरवीही खरंच बोलायचं, तर शपथेवर वेगळं काय बोलणार? प्रार्थनेखेरीज टोपी काढत नाहीत आणि न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणतात. एवढ्यासाठी जोसायांना मागे एकदा तुरुंगात टाकलं होतं. म्हाताऱ्यांना कोंडून जे राज्य स्वतःची अब्रू राखतं, त्या राज्याच्या मानासाठी जर्व्हस एवढ्या चिखलातून गाडी हाकत आला होता.

“मित्रा, मी येतो तुझ्याबरोबर,” जोसाया म्हणाले. “राजाला सांगतो, मला नको, याला देऊन टाक.”

“टोपी घालून?”

“लंडनला थंडी असते.”

जर्व्हसला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. जोसायांच्या घरातल्या त्या खोलीत एकच बाक होतं. तो त्याच्या मधोमध पाय पसरून बसला. जोसाया भिंतीला टेकून उभे राहिले.

“बाहेर गाडीत कोण आहे?”

मुली आहेत, जर्व्हसने सांगितलं. दोघींची लग्नं व्हायची आहेत. स्थळं आली होती, चांगली होती. एका लोकर-व्यापाऱ्याला तर थोरलीने मनातून होकारही दिला होता. पण बॅरनच्या मुली व्यापाऱ्याच्या घरात कशा द्यायच्या? एकदा किताब हातात येऊ दे, मग बघू, असं म्हणत त्याने सगळ्यांना परत पाठवलं होतं.

“आणि मुलगा?”

“मुलगा नाही.”

“मग तुझ्यामागे बॅरन कोण?”

जर्व्हसने खिडकीतून बाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

…

क्वेकर प्रार्थनेला बसतात तेव्हा कुणी बोलत नाही. बोलण्यासारखं सुचलं तरच बोलायचं. जोसाया तसेच उभे होते, डोळे मिटून. चुलीवर काहीतरी रटरटत होतं.

“दोघी आहेत,” बऱ्याच वेळाने जर्व्हस पुटपुटला. “दोघीच आहेत.”

जोसायांनी मान डोलावली.

…

दार ढकलून मुली आत आल्या. गाडीत गारठून गेल्या होत्या. एकमेकींच्या अंगाशी बिलगलेल्या, कसल्याशा गोष्टीवर हसत. बापाचा चेहरा पाहून दोघींचं हसणं थांबलं. बापाने बस म्हटल्याखेरीज बसायची त्यांच्या घरात रीत नव्हती, म्हणून त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

जर्व्हस त्यांच्याकडे पाहत राहिला. आधी थोरलीकडे, मग धाकटीकडे.

“आपलं काम झालं का, बाबा?” थोरलीने भीत भीत विचारलं.



जोसायांनी जर्व्हसच्या खांद्यावर हात ठेवला.

“जरा सरकून बस, जर्व्हस. दोघी मावतील.”