दोनशे मीटरची केबल

टीव्हीला मागे भलंमोठं पोट असायचं, त्या काळची गोष्ट. जत्रेत कॅमेरा कुस्तीच्या आखाड्यात, टीव्ही देवळापाशी आणि मध्ये दोनशे मीटर केबल. पैलवानांच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या.

“हे चित्र माझं नव्हे, त्या केबलचं!” टीव्ही ओरडला.

ऑपरेटर धोंडीबाने टीव्हीशेजारी चित्राचा जोर वाढवणारा बूस्टर लावला, तर सावल्याच ठळक झाल्या.

केबल भडकली. “एवढं ओझं मी एकटीनं ओढलं! मेटाकुटीला येऊन दारात पोचल्यावर कसला जोर लावता? निघतानाच हात द्यायचा होता!”

धोंडीबाने बूस्टर कॅमेऱ्यापाशी नेला. पैलवानांच्या अंगावरची मातीसुद्धा दिसू लागली.

“बघा, माझं चित्र!” टीव्ही फुगला.

“मघाशी हेच चित्र माझं होतं ना रे?” केबल कडाडली.