कपॅसिटरची कूस

“मग खड्डा पडतोच कसा?”

हेमांगीनं पेटी टेबलावर ठेवली. आपटली, असंही म्हणता आलं असतं.

यासीनचाचांनी चहाचा कप बाजूला सरकवला. आधी पेटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“हळू,” ते म्हणाले.

“हळू कशी, चाचा? भरती साडेतीनला आहे.”

बंदरावर यासीनचाचांना सगळे वस्ताद म्हणत. तीस वर्षं त्यांनी जहाजांवर वायरलेस सांभाळला. आता बर्फाच्या कारखान्याशेजारी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. हेमांगी सातवीत असताना इथेच सोल्डरिंग शिकली. पुढे इंजिनिअर झाली. गेली दोन वर्षं ती दुकानात यायची ती शिकायला नाही, सांगायला.

पेटी तिनं स्वतः बनवली होती. बोट समुद्रात कुठे आहे, हे ती दर दहा मिनिटांनी किनाऱ्यावरच्या टॉवरला कळवणार होती. आज ती पेटी हेमांगीच्या बाबांच्या बोटीवर जायची होती. बोटीवरचा जुना वायरलेस मागच्या हंगामात बंद पडला. नवा घेऊ नका, माझी पेटी येतेय, असं हेमांगीनंच बाबांना सांगितलं होतं.

साडेतीनला खाडीच्या तोंडावर पाणी चढलं की बोट निघणार. पाच दिवस बाहेर.

“दाखव.”

तिनं पेटी उघडून वस्तादांच्या लहरी मोजायच्या यंत्राला जोडली. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. सरळ, सरळ, सरळ… आणि एकदम खाली. ज्या लहरीवर पेटी बोलणार होती, नेमक्या त्याच जागी खड्डा. पेटीचा आवाज त्यातच बुडत होता.

“गेल्या आठवड्यात हेच होत होतं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, अँटेनाच्या वाटेवरचा कपॅसिटर उभा लाव.”

“म्हणालो.”

“लावला. त्यासाठी अख्खा बोर्ड नव्यानं केला. चार दिवस गेले.”

“उभा लावलास?”

“हा काय!” तिनं बोट ठेवलं. तांदळाच्या दाण्याहून लहान असा तपकिरी तुकडा. “आधी डावीकडून उजवीकडे होता. आता वरून खाली आहे. उभा!”

वस्तादांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“पहिली पेटी तर काही न करता चालली होती,” हेमांगी म्हणाली. “महिनाभर आमच्या गच्चीवर होती. एकदा चुकली नाही.”

“ती कुठाय?”

“सरकारी परवानगीसाठी गेलीय. कधी येईल कोण जाणे.”

वस्तादांनी टेबलाच्या खणातून बिस्किटांचा पुडा काढला.

“चाचा, ही काय बिस्किटं खायची वेळ आहे?”

वस्ताद बशीत बिस्किटं रचू लागले. एकावर एक, थप्पी रुंदीइतकीच उंच होईपर्यंत. लहानशी वीटच झाली.

“बिस्किटं आडवी आहेत की उभी?”

“आडवी.”

वस्तादांनी थप्पी बशीतल्या बशीत पाव फेरा फिरवली.

“आता?”

“उभी… म्हणजे, माझ्याकडून पाहिलं तर.”

“आणि बशीकडून पाहिलं तर?”

हेमांगीनं बशीकडे पाहिलं.

वस्तादांनी दोन्ही हातांनी थप्पी धरली आणि अलगद एका अंगावर कलंडवली. आता प्रत्येक बिस्कीट कडेवर उभं होतं, फळीवरच्या पुस्तकांसारखं.

“आणि आता?”

बाहेर धक्क्यावर कुणीतरी बोटीचं इंजिन सुरू करून पाहत होतं. ते खोकलं, बंद पडलं, परत सुरू झालं.

हेमांगीनं स्टूल ओढलं.

“आतले थर…” ती पुटपुटली. “कपॅसिटरच्या आतले थर बोर्डावर उभे राहायला हवे होते.”

“त्याला फिरवायचं नव्हतं, बाय. त्याची कूस बदलायची होती.”

“पण मीटरवर आकडा तोच येतो! कसाही ठेवला तरी तोच.”

“मीटर सावकाश विचारतो. सावकाश लहरीला तो कसाही चालतो. तुझी लहर घाईतली. थर आडवे असले की त्यांच्यात घुटमळते. तोच तुझा खड्डा.”

“कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी वाचलं होतं. खालचं चित्र नाही पाहिलं.”

वस्तादांनी बिस्किटांभोवती कागद घट्ट गुंडाळला. मग ती पुडी पाठीमागे नेऊन दोन-तीनदा उलटीसुलटी केली आणि पुन्हा बशीत ठेवली.

“सांग. आत उभी की आडवी?”

“कागद असताना मी कसं सांगू? चारी बाजू सारख्याच दिसतात.”

“कपॅसिटरच्याही सारख्याच दिसतात.”

हेमांगीचा चेहरा उतरला.

“म्हणजे पहिल्या पेटीत…”

“पाकिटातून पडला तसा तू उचललास. तो नेमका बऱ्या कुशीवर पडला होता.”

“म्हणजे ती पेटी…”

“चालली. तू चालवली नव्हतीस.”

तिचा फोन वाजला. बाबा होते. बर्फ भरून झाला, डिझेल भरून झालं, पेटी कुठाय?

“येतेय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“काय सांगितलंस?”

“येतेय म्हटलं.”

“ते ऐकलं मी.”

घड्याळात एक वाजून गेला होता. तिनं कपॅसिटरचं पाकीट हातावर उपडं केलं. वीस-पंचवीस तपकिरी दाणे. एकासारखा दुसरा.

“चाचा… कोण कुठल्या कुशीवर आहे, ओळखायचं कसं?”

“त्यालाच विचार.”

वस्तादांनी प्लॅस्टिकची एक पट्टी घेतली. तिच्यात बारीक खाच होती. खाचेत एक दाणा ठेवला, वरून पारदर्शक टेप लावली. आता तो उडू शकत नव्हता, टोकावर उभा राहू शकत नव्हता. फक्त लोळू शकत होता. मग जुन्या स्पीकरमधला चुंबक त्यांनी खालून जवळ आणला.

हेमांगी भिंगावर वाकली.

काही झालं नाही…

मग दाणा थरथरला आणि झोपेत माणूस वळावा तसा वळला.

“वळला! चाचा, वळला!”

“आत निकेल आहे. खालून चुंबक आला की थर उभे राहतात. आता वरच्या अंगाला ठिपका दे, नाहीतर परत हरवशील.”

तिनं पेननं ठिपका दिला. जुना दाणा काढला. नवा चिमट्यात धरला. श्वास रोखला. सोल्डरिंगचं टोक जवळ नेलं आणि चिमट्यातून दाणा उडाला. कुठे गेला, दिसलंच नाही.

ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागली.

“ऊठ.”

“पण ठिपका दिलेला होता, चाचा! सव्वादोन झालेत…”

“दाणे पाकीटभर आहेत. हात दोनच आहेत. आधी चहा घे.”

तिनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. दुसरा दाणा खाचेत ठेवला. हा चुंबक आणल्यावर हललाच नाही. ती घाबरली, मग तिच्या लक्षात आलं. हा आधीपासूनच उभा होता. त्यालाही ठिपका दिला. या वेळी तिनं श्वास रोखून धरला नाही. दाणा बसला.

पडद्यावर रेघ उमटली. सरळ. पुढेही सरळ. जिथे खड्डा होता तिथेही सरळ.

तिनं तीनदा तपासलं. पेटी हलवून तपासलं, उलटी धरून तपासलं.

“चालेल ना आता?”

“चालतेय.”

“पाण्यावर?”

“मी काय पाण्यावर बसलोय?”

धक्क्यावर पोचायला तीन वाजून गेले. वस्तादही मागून काठी टेकत आले. बोट दोरीला हिसके देत होती.

“आली इंजिनिअरबाई!” बोटीवरचा एक खलाशी ओरडला. “आता आम्ही हरवायला मोकळे!”

सगळे हसले. हेमांगीचे बाबा बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. त्यांनी वाकून तिच्या हातातून पेटी घेतली.

“चालते ना गो? शंभर टक्के?”

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. महिनाभर ती तेच म्हणत होती. बंदरावर विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही.

“नाही, बाबा.”

हसणं थांबलं.

“सकाळी ती चालत नव्हती. चूक माझी होती. मी एक गोष्ट चुकीची समजले होते. आता नीट केलीय, दुकानात चालली. पण ही पाण्यावर एकदाही गेलेली नाही. पाण्यावर काय करेल… मला माहीत नाही.”

बाबांनी हातातली पेटी पाहिली. मग खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे पाणी चढत होतं. शेजारच्या बोटीकडे वळून त्यांनी हाक मारली.

“ए पांड्या! या खेपेला जोडीनं राहू रे. माझ्यावर नजर ठेव!”

“का रे? लेकीची पेटी आहे ना?”

“आहे. तरी ठेव.”

त्यांनी पेटी केबिनच्या छपरावर बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. बोट सुटली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खाडीच्या तोंडाशी त्यांना पुढचंच पाहावं लागतं, हे हेमांगीला माहीत होतं. तरी ती वाट पाहत राहिली.

दोन्ही बोटी एकामागून एक तोंडाबाहेर पडल्या.

दहा मिनिटांनी तिच्या मोबाईलवरच्या नकाशात बोटीचा पहिला ठिपका उमटला. पुढच्या दहा मिनिटांनी दुसरा. ती हसली नाही. तिसऱ्याची वाट पाहू लागली.

“चाचा…”

“हं.”

“सगळ्यांसमोर झालं. बाबांचा माझ्यावरचा विश्वास उडाला ना?”

वस्ताद पाण्याकडे पाहत होते.

“आज बसला.”