खांबावरचा ओला पंजा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? जो आपलं कौतुक करतो त्याच्यावर, की जो आपलं माप घेतो त्याच्यावर?

उत्तराची घाई करू नका. एका पेठेत एक शिंपी होता, बोलण्यात मोठा गोड. गिऱ्हाइकाची ढेरी मोजायची वेळ आली की दोन बोटं कमीच सांगायचा आणि तेवढीच लिहायचा. गिऱ्हाईक खूश. एका नवरदेवाने त्याच्याकडून अंगरखा शिवून घेतला, आणि ऐन मंगलाष्टकांत अक्षतांबरोबर त्याच्या गुंड्याही वऱ्हाडावर पडल्या. लोक हसले, नवरदेवही हसला, गोष्ट तिथेच मिटली. पण माप घेणाऱ्याने मायेपोटी खोटं माप सांगितलं, तर दर वेळी गुंड्यांवर भागत नाही. कधी कधी त्या खोट्या मापाचा माणूस खरोखरच येऊन दारात उभा राहतो.

फार पूर्वी, दक्षिणेच्या समुद्राकडे तोंड करून वसलेल्या एका गावात एक चुनेकरी राहत होता. खाडीतल्या शिंपल्या भाजायच्या आणि चुना करून विकायचा, हा त्याचा धंदा. घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्या गावाला एका खेळाचं भारी वेड. मैदान गोल, पण चेंडू लंबगोल, न सोललेल्या नारळासारखा. एकेका बाजूला अठरा गडी. पंच मैदानाच्या मधोमध तो चेंडू जोराने जमिनीवर आपटायचा. चेंडू उंच उडाला की दोन्हीकडचा एकेक उंच गडी त्याच्यावर झेप घ्यायचा, आणि ज्याचा हात आधी लागेल तो चेंडू आपल्या पळणाऱ्या गड्यांकडे टोलवायचा. या उंच गड्याला म्हणायचे झेप्या. झेप्या चांगला तर निम्मा खेळ जिंकल्यात जमा.

मैदानाच्या मधल्या वर्तुळाला लागून जांभ्या चिऱ्यांचा एक जुना खांब होता. तो कुणी बांधला, कुणाला ठाऊक नव्हतं. सामना संपला की, आज झेप्याचा हात खांबाच्या कितव्या थरापर्यंत गेला, ते ठरायचं आणि त्या थरावर चुन्यात बुडवलेला पंजा उमटायचा. हे काम चुनेकऱ्याच्या घराण्याकडे होतं. बांधावर बसलेले लोक लांबून काहीही म्हणोत, खांबाच्या पायथ्याशी बसून बघायचा मान त्याचा, आणि शेवटचा शब्दही त्याचाच.

बांधावरचे म्हणायचे मात्र पुष्कळ.

"बाराला लागला हात," कोळीण सांगायची.

"मावशी, तू वाटे लावतेस तसेच थर मोजतेस," कुंभार म्हणायचा. "वर पापलेट, खाली सगळी मांदेली. अकरा होता."

"तू बोलू नकोस रे. तुझं एक मडकं सरळ उभं राहत नाही, तू दुसऱ्याची उंची काय सांगणार?"

त्यांच्यामध्ये एक म्हातारा बसायचा. तरुणपणी तोही झेप्या होता. तो थर मोजायचा नाही. "हात किती वर गेला ते सोडा," म्हणायचा, "चेंडू कुणाच्या हातात दिला ते बघा." पण म्हाताऱ्यांचं जसं ऐकतात तसंच त्याचंही ऐकायचे.

त्या वेळचा झेप्या असा उंच होता, की देवळात शिरताना घंटा त्याच्या कपाळाने वाजायची. बारावा थर त्याचा नेहमीचा. स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत पक्का. म्हणायचा, "बांधावरचे लोक आज खांद्यावर घेतात, उद्या पायाखाली. माझा भरवसा फक्त खांबावर." आणि चुनेकऱ्याला काका म्हणायचा. सामन्यानंतर शिडी धरून उभा राहायचा आणि विचारायचा, "काका, किती?" त्या दोन शब्दांसाठी चुनेकरी आठवडाभर वाट बघायचा.

एका हंगामात उडी घेऊन खाली येताना झेप्याचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर पडला आणि गुडघा पिरगळला. दोन महिने तेल आणि शेक झाल्यावर तो परत उतरला, पण जमिनीने पाय धरून ठेवल्यासारखा उडत होता.

"गेला हा," कोळीण म्हणाली. "कल्ले पांढरे पडले की मासा कळतोच."

"उंची तेवढी राहिली," कुंभार म्हणाला. "कपडे वाळत घालायला बरी."

"गेला नाही, दुखावलाय," म्हातारा म्हणाला. "एक हंगाम बसू दे त्याला. नाहीतर जन्माचा बसेल. मी बसलोय तसा." आणि त्याने आपल्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर काठी आपटून दाखवली.

सामना संपला. चुनेकऱ्याने जवळून बघितलं होतं, अकरा. खाली शिडी धरून झेप्या उभा होता. बांधावरचं सगळं त्याने ऐकलेलं होतं.

"काका, किती?"

चुनेकऱ्याने खाली बघितलं, आणि त्या चेहऱ्यापुढे त्याचा हात अकराव्या थरावर टेकेना. एका थराने काय होतं? त्याने पंजा वर सरकवला. "बारा," तो म्हणाला.

झेप्या हसला. चुनेकऱ्याला वाटलं, आपण पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो मैदानावरून चालला होता. ऊन असं, की चिरे तापून वास येत होता. खांबावरचे सगळे जुने पंजे पांढरेफटक, पापुद्रे सुटलेले. फक्त कालचा पंजा ओला होता. त्याच्यातून एक पांढरा थेंब निघाला आणि हळूहळू खाली ओघळला. चुनेकऱ्याने मनाशी म्हटलं, चुना पातळ झाला असेल. पण चुना त्यानेच कालवलेला होता.

पुढच्या सामन्यात झेप्याचा हात दहापर्यंतच गेला. आता आली का पंचाईत? एकदा बारा सांगितल्यावर दहा कसं सांगायचं? त्यातून त्या खुशीत झेप्याने दुप्पट मेहनत केलेली. चुनेकऱ्याने डोळे मिटून तेराव्या थरावर पंजा लावला.

गंमत बघा, बांधावरच्यांनाही मग तेराच दिसला.

"मी तर आधीच म्हणत होते, तेरा," कोळीण म्हणाली.

"तू बारा म्हणालीस मावशी, तेरा मी म्हणालो," कुंभार म्हणाला.

म्हातारा झेप्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

चार दिवसांनी चुनेकरी शिडी घेऊन खांबाकडे गेला. बाराचा पंजा ओला, तेराचाही ओला. आणि तेराच्या पंजाची बोटं लांब झाली होती. त्याने आपला हात त्याच्यावर ठेवून बघितला. बोटं त्याच्या बोटांपेक्षा एकेक पेराने पुढे गेलेली. खांब उन्हाने तापला होता, पण तेवढी जागा विहिरीच्या पाण्यासारखी गार. आणि हात तिथे असतानाच त्याला वाटलं, चिऱ्याच्या पलीकडूनही कुणीतरी हात टेकवलाय.

तो घाईघाईने खाली उतरला. शिडी उचलून त्याने थेट घर गाठलं.

मग खाडीपलीकडच्या गावाशी मोठा सामना ठरला. त्याच्या आदल्या दिवशी म्हातारा काठी टेकत झेप्याकडे आला. "पोरा, उद्या बस. दुसऱ्या कुणाला उभा कर. गुडघा सुजलाय तुझा, इथून दिसतोय."

झेप्याने खांबाकडे बोट केलं. "आजोबा, तिकडे बघा."

चौदाव्या थरावर एक पंजा होता. लांब बोटांचा, ओला.

"सरावात माझा हात तिथवर गेला म्हणायचा," झेप्या म्हणाला. "मला कळलंसुद्धा नाही. काका, तुम्ही लावलात ना?"

चुनेकरी शेजारीच उभा होता. त्याने तो लावलेला नव्हता. खरं बोलायचं, तर त्यापाठोपाठ बाकीचं सगळंच बोलायला लागलं असतं. "हो," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि काठी टेकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवर धुकं होतं. त्यातून पलीकडच्या गावाच्या होड्या आल्या. त्यांचा झेप्या तापाने पडल्याची बातमी आधीच आली होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण होड्यांतून पुरे अठरा गडी उतरले. शेवटचा फार उंच होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, आणि बोटांच्या टोकांतून काहीतरी गळत होतं.

"हा कुठला तुमचा?" पंचाने विचारलं.

त्यांचा पुढारी गोंधळल्यासारखा बोलला. "काठावर उभा भेटला. म्हणाला, त्या गावात माझी जागा राखून ठेवलीय, खांबावर माझी खूणही आहे. म्हटलं, चल."

खेळ सुरू झाला. पंचाने चेंडू आपटला, दोघे उडाले. आपल्या झेप्याच्या पायांचा धप्प आवाज झाला, त्या दुसऱ्याचा झालाच नाही. त्याचा हात सरळ चौदाव्या थरापर्यंत गेला, ना बोटभर वर, ना खाली. दर वेळी तेच. बांधावर कुणी थर मोजत नव्हतं. त्याचा चेहरा बघावा आणि नजर वळवली की आठवू नये, असं सगळ्यांचंच होत होतं.

आपला झेप्या मात्र हटेना. चौदा आपला आहे, आपण तिथवर गेलेलो आहोत, हेच त्याच्या डोक्यात. तो जीव खाऊन उडायचा आणि प्रत्येक वेळी जास्त वाकडा होऊन खाली यायचा. खेळाचे चार डाव असत. तिसरा संपला तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हता, तरी तो पट्टी आवळत होता.

त्या मध्यंतरात तो उंच गडी पाणी प्यायला गेला नाही. खांबाच्या पायथ्याशी चुनेकऱ्याजवळ येऊन उभा राहिला आणि अदबीने वाकला.

"काका," तो म्हणाला, "आणखी एक वर लावा ना. तुम्ही लावाल तेवढा मी उंच."

चुनेकऱ्याने त्याच्या गळणाऱ्या बोटांकडे बघितलं. "कोण रे तू?"

"तुम्ही मोजलेला. ज्याला मोजलं नाहीत, तो तिकडे पट्टी बांधतोय." त्याने मान तिरकी करून झेप्याकडे बघितलं. "या डावात तो मोडेल. मग तुम्हाला एकच झेप्या राहील. मला लावा काका, मी कधी खाली येणार नाही. सांगा ना, किती?"

चुनेकऱ्याने झेप्याकडे बघितलं. तो एका पायावर उभा राहून खांबाकडे बघत होता, देवाकडे बघावं तसा.

तो उंच गडी मैदानाच्या मधोमध परत गेला, आणि चुनेकऱ्याने शिडी लावली. हातात चुन्याची बादली नव्हती, चुना खरवडायची थापी होती. वर चढून तो दोन्ही गावांना ऐकू जाईल असं बोलला.

"चौदापर्यंत कुणी गेलेलं नाही. हा मी लावलाही नाही, आणि काल लावला म्हणालो." त्याने पंजा खरवडला. मैदानाच्या मधोमध उभा असलेला तो उंच गडी थरभर खुजा झाला.

"तेरा खोटा. त्या दिवशी दहा होता." उंच गडी आणखी खुजा झाला. बांधावर कुंभाराने कोळिणीचा हात घट्ट धरला, आणि कोळिणीने तो सोडवला नाही.

"बाराही खोटा. अकरा होता. तिथूनच सुरुवात झाली." शेवटचा पंजा खरवडला गेला आणि मैदानाच्या मधोमध कुणीही नव्हतं. जमिनीवर पांढऱ्या चुन्याचं एक ओलं थारोळं होतं, तेही बघता बघता वाळून गेलं. पलीकडच्या गावाला विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही सतराच आलो होतो.

झेप्या लंगडत शिडीपाशी आला. "काका," तो म्हणाला, "बांधावरचे लोक खोटं बोलतात हे मला माहीत होतं." एवढंच बोलला, आणि मैदानाबाहेर जाऊन म्हाताऱ्याशेजारी बसला.

सामना गेला. चुनेकऱ्याचं नाव गावात इतकं खराब झालं, की महिनाभर पानाला लावायलासुद्धा त्याच्याकडून कुणी चुना नेला नाही. त्याच्या उजव्या तळहाताला मात्र ओल आली ती आलीच. कितीही पुसला तरी हात दमटच राहायचा.

झेप्या एक हंगाम बसला. गुडघा सुधारला. पुढच्या हंगामात उतरला तेव्हा तो फार उंच उडाला नाही, पण म्हाताऱ्याशेजारी बसून काही शिकला होता. त्याने टोलवलेला प्रत्येक चेंडू आपल्याच गड्याच्या ओंजळीत पडत होता. सामना जिंकल्यावर लोक त्याला उचलायला धावले, पण तो खांबाकडे गेला. चुनेकरी चोरासारखा मागे उभा होता. झेप्याने शिडी लावली आणि धरली.

"काका, किती?"

चुनेकरी वर चढला. चुन्याचा हात त्याने अकराव्या थरावर टेकवला. "अकरा," तो म्हणाला.

"नक्की?"

"मी काय सांगू लेका? उन्हाला विचार. खोटा पंजा वाळत नाही."

झेप्या तिथेच मांडी घालून बसला. मग कोळीण बसली, कुंभार बसला, सगळं गाव बसलं. पंजाच्या कडा आधी फिक्या झाल्या, मग बोटं, आणि शेवटी तळवा. पंजा पूर्ण पांढरा झाला तेव्हा झेप्या उठला आणि त्याने काकांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. खाली आल्यावर चुनेकऱ्याने आपला तळहात बघितला. तोही कोरडा होता.

तेव्हापासून त्या गावात चाल पडली आहे. पंजा वाळल्याशिवाय कुणी मैदान सोडत नाही.

तात्पर्य काढायचं तर एवढंच, की ज्याच्यावर माया आहे त्याला खोटं मोठं केलं, तर तो मोठा होत नाही. त्याच्या जिवावर उठणारा दुसराच कुणीतरी मोठा होतो.

आणि ऐकणाऱ्यांना एक विनंती. कुणाचं माप तुमच्या हाती आलं, तर जेवढं दिसलं तेवढंच लिहा. एक थर कमी नको, एक थर जास्त नको. हिशेब चोख ठेवा.