सासूबाईंच्या माळेचे रुपये

एक होती बायडा धनगरीण, आणि तिचा नवरा म्हाकू. रोगानं मेंढ्या मेल्या, तेव्हा बायडा सासूच्या माघारी आपल्या गळ्यात आलेली जुन्या चांदीच्या रुपयांची माळ विकायला सराफाकडे गेली. वजनाला म्हणून त्यानं रुपये दोऱ्यातून सोडवून आत नेले, आणि बाहेर येऊन पाटलाला हाक मारली, “सात रुपये नकली! बाई लबाड आहे, धरा हिला!”

बायडानं रुपये उलटेपालटे केले. “शेट, भोकं बरोबर पाडलीत. पण सासूबाईंनी ही माळ चाळीस वर्षं गळ्यात वागवली. अंगाकडची बाजू घासून गुळगुळीत झालीय. तुमच्या सातांच्या दोन्ही बाजू ठसठशीत! हे कुणाच्या गळ्यात होते?”

पाटलानं सराफाचा गल्ला उघडायला लावला, तर आत एका बाजूनं झिजलेले सात रुपये सापडले. पाटलानं सराफाकडून दंडाच्या वीस मेंढ्या देवविल्या.

बायडानं माळ कपाळाला लावली. “सासूबाई, तुमच्या घामानं तारलं हो!” माळ पुन्हा गळ्यात आली, घरामागचं मेंढ्यांचं वाडगं पुन्हा भरलं.