पावणाईच्या देवळातला कोरा खांब

फोटो मागाहून काढा. आधी खांब मोजा. सोळा भरतील. पंधरांवर बोट ठेवायला जागा नाही एवढी नक्षी: हंस, हत्ती, केळीचे घड, शिडाची गलबते. सोळावा तेवढा कोरा. लाकूड सगळ्यांचे फणसाचे. भिंती जांभ्याच्या. जांभ्याला बारीक नक्षी पेलत नाही, म्हणून आमच्या देवळाची शोभा आत, लाकडात.

पाहुण्यांना वाटते, काम अपुरे राहिले. अपुरे नाही. सोडलेले आहे.

पावणाईचे हे देऊळ खाडीपलीकडच्या रवळू मेस्त्रीने उभे केले, असे सांगतात. पंधरा खांबांचे फणस गावाने दिले. सोळावा सरळ फणस मिळेना. तसा एकच होता, रवळूच्या अंगणात. त्याची बायको अनसू हिने लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेला. तिची तीन मुले गेली म्हणे. झाड तेवढे जगले. मानकरी तिच्या दारी गेले. ती म्हणाली, "झाड घेवा. पण नव्या देवळात पयली ओटी माझी."

मानकऱ्यांनी देवीपुढे गाऱ्हाणे घालून कबूल केले. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. सगळ्या गावाने साक्ष दिली. फणस पडला.

छप्पर चढले आणि मानकऱ्यांच्या घरांतून कुरकुर निघाली. मेस्त्र्याची बायल आमच्या आधी ओटी भरणार? तेव्हा सोनजी गावकर, मानकऱ्यांतला पहिला, म्हणाला, देवीला कौल लावू. दिलेल्या शब्दावर कौल मागायचा नसतो, हे आमच्याकडे गुराख्यालाही ठाऊक. तरी मागितला.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी वाळायच्या आत उजवी पडली. सोनजीने ती उचलून मुठीत धरली आणि म्हणाला, "डावी." आत चाळीस पुरुष होते. सगळ्यांनी पाहिले होते. गुरवाने मान खाली घातली.

सोनजीने तिथेच गाऱ्हाणे घातले, "गे माये पावणाई, तुका जा मान्य नाय, ता आमका मान्य नाय."

चाळीसजण म्हणाले, "व्हय म्हाराजा."

अनसू पायरीवर उभी होती. पदरात नारळ, खण, तांदूळ. शेजारी रवळू. त्याने विचारले, "मी भायर होतंय. तुमी आत होतास. उजवी की डावी?"

"मेस्त्री, तू तुझी पटाशी बघ," सोनजी म्हणाला. "कौल आमी बघतव."

दोघे-चौघे हसले, असेही सांगतात.

अनसू पदर आवळून खाडीकडे चालू लागली. सोळाव्या खांबावर रवळूने कोळशाने आखणी केली होती: बुंध्यापासून फळांनी लगडलेला फणस. त्याने ओला पंचा घेऊन ती पुसली. गुरव म्हणाला, एवढा खांब तरी पुरा कर. रवळू म्हणाला, "छप्पर उभां रवात. तेका नक्षी लागना नाय." आणि खरेच, देवळाला त्याने ओरखडा काढला नाही. हत्यारे बांधली. दोघे होडीत बसली.

पुढच्या जत्रेला कौल लावला. पाकळ्या पडेनात. तीनदा लावल्या. तिन्ही वेळा खांद्यावरच वाळल्या. तेव्हा गाव घाबरले आणि अनसूला आणायला खाडीपलीकडे गेले. घर बंद होते. अंगणात फणसाचा खुंट होता. कुठे गेली, कोणाला ठाऊक नव्हते.

आजही इथे देवी कौल देत नाही. पेरणीचे असो, सोयरिकीचे असो, आम्ही शेजारच्या गावच्या देवळात जातो आणि तिथल्या लोकांचे टोमणे ऐकतो. आजही जत्रेला पहिली ओटी कोऱ्या खांबाशी ठेवतात. ती देवीपुढे जात नाही. मग खांबापुढे गाऱ्हाणे होते, "अनसूबाय, पाकळी उजवी पडलेली." एवढेच. सगळा गाव उभा असतो. "व्हय म्हाराजा" कोणी म्हणत नाही. त्या खांबापुढे गावाची साक्ष चालत नाही.

हे गाऱ्हाणे सोनजीच्या वंशातल्यानेच घालायचे, असा दंडक आहे. एकोणतीस वर्षे ते मी घालतो.