राणीचा भात आणि तळ्यातलं शेवाळ

पूर्वी शंखपूर नगरात महेंद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजोद्यानातलं तळं राखणाऱ्या कुळात जन्मला. त्याचं नाव वासभ. बोधिसत्त्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोनेरी हरीण येतं, नाहीतर शहाणा प्रधान. या जन्मी मात्र तो साठीला टेकलेला, गुडघे धरलेला एक साधा माणूस होता, आणि सात वर्षं रोज एकच काम करून पार विटून गेला होता.

काम काय, तर शेवाळ काढायचं. उजाडताच वासभ कमरेइतक्या पाण्यात उतरायचा, लांब दांड्याच्या दाताळ्याने हिरवा लगदा ओढायचा आणि काठावर ढीग घालायचा. दुपारपर्यंत पाणी जरा दिसायला लागायचं. तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! हिरवं, चिकट, वास मारणारं. त्याची बायको चंपा रोज संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल चोळायची आणि रोज तेच म्हणायची, "अहो, हे तळं एक दिवस तुम्हाला खाऊन टाकणार."

"खाऊ दे," वासभ म्हणायचा. "निदान कुणाचं तरी पोट भरेल."

शेवाळ का येतं हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणता? चांगलं ठाऊक होतं. राजाची मुलगी किंकिणी सहा वर्षांची असताना तापाने गेली. ती पोर आपल्या ताटातला भात मुठीत लपवून आणायची आणि माशांना घालायची. ती गेल्यावर तिची आई, सुयामा राणी, रोज सकाळी तूप घातलेल्या भाताची टोपली घेऊन तळ्यावर येऊ लागली. राणी करते ते पुण्यच असणार, म्हणून मग सगळं नगर आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावाने भात, कणीक, गूळ घेऊन येऊ लागलं. मासे खाऊन खाऊन खाणार किती? उरलेलं तळाशी बसायचं, कुजायचं, आणि त्या कुजक्यावर शेवाळ पोसायचं. त्यातून शंखपूरची रीत अशी की तळ्याला वाहिलेलं तळ्यापासून दूर न्यायचं नाही. म्हणजे काढलेलं शेवाळही काठावरच पडायचं, आणि पावसाळ्यात त्याचा काळा रस पुन्हा पाण्यात उतरायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

हे सगळं राणीला सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? ज्या आईचं मूल गेलं, तिला म्हणायचं की तुझ्या मुलीच्या नावाचा भात कुजतोय? टोपली धरलेले तिचे हात पाहिले की वासभ दाताळं उचलून पुन्हा पाण्यात उतरायचा. आज नको, पुढच्या पक्षात बोलू, असं करता करता सात वर्षं गेली. आपण गप्प बसतो ती दया, असं तो स्वतःला समजावायचा. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झालं, माणूस चुकतोच.

त्या वर्षी चैत्रात मासे सकाळी सकाळी पाण्यावर तोंडं काढून तडफडू लागले. परराज्यातले पाहुणे उद्यानात आले आणि नाकाला उपरणं लावून परतले. राजाचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी उद्यानाचा अधिकारी विकट तळ्यावर आला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता.

"चुन्याच्या चार गाड्या मागवल्यात," तो म्हणाला. "परवा पौर्णिमेला पाण्यात ओतायच्या. शेवाळाचा निकाल लागेल."

"आणि मासे?"

"मासे दुसरे आणू."

"कासवं?"

विकट जायला वळला. "अरे वासभ, तुझ्याही पाठीला आराम पडेल की," तो म्हणाला आणि निघून गेला.

आणि काय सांगावं, वासभला बरं वाटलं! परवापासून पाण्यात उतरायचं नाही, या विचाराने त्याला लाज वाटावी इतका आनंद झाला. तो पायरीवर बसला, पाय पाण्यात सोडले. चार मासे रोजच्या सवयीने त्याच्या पोटऱ्यांशी आले आणि तोंडं उघडून श्वासासाठी धडपडू लागले. वासभने पाय वर घेतले. त्याला स्वतःची किळस आली.

घरी येऊन त्याने चंपाला सांगितलं, "उद्या राणीशी बोलणार."

"देशोधडीला लावतील आपल्याला."

"लावू देत. कुठेतरी बसून तरी राहीन."

चंपाने तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "जा. पण आंघोळ करून जा, अंगाला वास येतोय तुमच्या."

सकाळी राणी टोपली घेऊन पायऱ्या उतरली तेव्हा वासभ हात जोडून आडवा आला. "देवी, आजचा भात पाण्यात टाकू नका."

दासींनी तोंडावर हात ठेवले. राणी म्हणाली, "का?"

वासभने वाकून तळाशी हात घातला आणि ओंजळभर काळा गाळ पायरीवर ठेवला. त्यात भाताची शितं होती. "हा तुमचा भात. माशांनी नाही खाल्ला, शेवाळाने खाल्ला. उद्या इथे चुना पडेल आणि मासे मरतील. पण देवी, त्याआधी ते आपणच मारत आणलेत. तुम्ही भात घालून, आणि मी गप्प बसून."

"सात वर्षं तू हे पाहत होतास?"

"होय."

"आणि बोलला नाहीस."

"तुमच्याकडे पाहून धीर झाला नाही. चूक माझी."

राणी तिथेच ओल्या पायरीवर बसली. "मग मी तिला काय देऊ रे?"

याचं उत्तर वासभ सात वर्षं शोधत होता. "मला माहीत नाही, देवी," तो म्हणाला. "या पाण्याला मात्र काही देऊ नका." आणि त्या दमलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

राणीने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. सोललेल्या बोटांकडे पाहिलं, सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "जेवलास का तू?" तिने विचारलं, आणि टोपली त्याच्यापुढे सरकवली.

राणीच्या शब्दावरून चुन्याच्या गाड्या वेशीवरूनच परत गेल्या. राणीने स्वतः नगराला सांगितलं की भात भुकेल्याच्या हातावर ठेवा, पाण्यात नको. जुनी रीत मोडून काठावरचे ढीग आमराईत नेऊन झाडांच्या मुळाशी घातले. पाणी येतं त्या तोंडाशी ते गाळून यावं म्हणून वाळ्याचं गवत लावलं, अर्ध्या तळ्यावर कमळांची सावली धरली, बागेतलं शेणखताचं पाणी दुसरीकडे वळवलं. तरी पहिल्या वर्षी तळं हिरवंच राहिलं आणि लोक वासभला हसले. दुसऱ्या वर्षी शेवाळ निम्मं झालं. तिसऱ्या वर्षी पाण्याखालच्या पायऱ्या दिसू लागल्या, पण तोवर पुष्कळ मासे गेले होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका भिक्खूला सांगितली. आपल्या सोबत्याचा दोष त्याला दिसत होता आणि तो दयेपोटी गप्प राहून झिजत चालला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खू, तेव्हाचा विकट तूच होतास; तेव्हा घाई केलीस, आता उशीर करतो आहेस. सुयामा राणी म्हणजे आज आजाऱ्यांना जेवू घालणारी ती भिक्खुणी. चंपा म्हणजे विहाराच्या दाराशी बसणारी म्हातारी उपासिका. आणि वासभ मी होतो. त्या जन्मी मी सत्य पारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, साधली खरी, पण सात वर्षं उशिरा. तो उशीर माशांनी भोगला. ऊठ, तुझ्या सोबत्याकडे आजच जा."